यातलं काहीच नाही

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन मुली टॅब घेऊन आल्या. मराठवाड्यातल्या आमच्या उमरीत असं कुणी आलं की लोक आधी विचारतात, घरकुलाचं आहे का? यांचं घरकुलाचं नव्हतं. कुठल्याशा विद्यापीठाचा अनुदानावर चाललेला प्रकल्प होता, आणि लोक खाण्याच्या वस्तू कशा निवडतात हे त्यांना बघायचं होतं. शेजारच्या मावशींनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि मला हाक मारली. मुलींची मराठी पुस्तकातली, मावशींची उमरीची, मध्ये कुणीतरी हवं होतं.

काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं? आहारशास्त्रातली ही जुनी रीत, चोवीस तासांचं आठवून सांगायचं. मावशींनी सांगितलं: सकाळी चहा अन् पोळी, दुपारी पोळी अन् वरण, रात्री उरलेली पोळी. पोळी जास्त आवडते का, असं एकीनं विचारलं.

"आवडीचं काय घेऊन बसलाव माय? कंट्रोलात गहू आला, पोळी केली."

टॅबमध्ये या उत्तराला जागा नसावी. मुलगी जरा थांबली आणि तिनं ‘आवड’ या रकान्यात पोळीवर खूण केली. तिचा दोष नाही. पण उद्या एखाद्या अहवालात मराठवाड्याची पसंती ज्वारीकडून गव्हाकडे वळल्याचं छापून आलं, तर त्यात आमच्या मावशीही असतील.

आमच्या लहानपणी पोळी सणाची किंवा पाहुण्यांची. रोजची भाकर, तीही बऱ्याच घरांत हायब्रीडची. टाळकी ज्वारी ज्याच्या कणगीत, तो खाऊनपिऊन सुखी. मग सोयाबीन आलं. खरिपाची ज्वारी ऐन कापणीत पावसात सापडली की कणीस काळं पडतं, पाखरं राखावी लागतात, रानडुकरं वेगळीच. कापायला, खुडायला माणूस मिळत नाही. २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव बघा: संकरित ज्वारी क्विंटलला ३,६९९ रुपये, सोयाबीन ५,३२८. सोयाबीनला प्रत्यक्षात तो भाव मिळतो का, हा विषय काढला तर हा लेख संपणार नाही. कडब्यासाठी म्हणून काहीजण ज्वारी करत, पण बैलच राहिले नाहीत तर कडबा कुणाला? शेतातून ज्वारी गेली आणि ताटातून भाकर. चव शेवटी बदलली, आधी नाही.

दुसऱ्या बाजूनं धान्य रेशनच्या दुकानातून, म्हणजे कंट्रोलातून आलं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी पाच किलोचा हिशेब आहे. तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असे त्यात दर होते, पुढे २०२३पासून धान्य फुकट झालं. म्हणजे एक रुपयाची ज्वारी कायद्याच्या कागदावर होती. दुकानात बहुतेक वेळा गहू-तांदूळच उतरला. अंगठा लावून जे पोत्यात पडेल ते आपलं.

यातली गंमत अशी की ज्वारीवर संशोधन कमी झालेलं नाही. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी वाटली गेली. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्याच वर्षी परभणीचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था. पुढे या दोघांनी मिळून ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं, २०१८ साली. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे तीसेक मिलिग्रॅम लोह, यात पंचेचाळीसच्या आसपास. जस्तही वीसवरून बत्तीसपर्यंत नेलेलं. ज्या भागात बायकांच्या अंगात रक्त कमी, तिथं हे फार मोलाचं काम, आणि मला त्याचा अभिमान आहे. फक्त मावशींच्या दुकानातल्या पोत्यापर्यंत ते यायचं आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. पुण्या-मुंबईत त्या वर्षी ज्वारीचे चिवडे, बिस्किटं, शेवया सगळं निघालं. इथं मावशींनी गहूच दळला.

मुलींनी मग चित्रांची कार्डं काढली. एकेका कार्डावर पिठाच्या तीन पिशव्या, वेगवेगळी किंमत. एकीवर लोहयुक्त असा शिक्का, एकीवर सेंद्रिय. तुम्ही बाजारात आहात असं समजा आणि एक निवडा. माणूस खरंच कशासाठी किती पैसे मोजेल, हे अशा कार्डांवरून काढतात, आणि नुसत्या ‘आवडतं का’पेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. मावशींनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं.

"पीठ इकत कशाला घ्यायचं? गिरणी हाय की. ज्वारी कुठंय ह्याच्यात?"

कार्डाच्या खाली चौथा चौकोन होता: यातलं काहीच नाही. मावशींनी त्यावर बोट ठेवलं. पुढच्या कार्डावरही तिथंच. सात-आठ कार्डं झाली, बोट जागचं हललं नाही. मुलगी हिरमुसली असेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, काका, हेही उत्तरच आहे, आम्ही मोजतो. त्या एका वाक्यावर मी प्रकल्पाला मनातल्या मनात चांगले गुण दिले.

दुपार झाली होती. मावशी आत गेल्या आणि थापण्याचा आवाज यायला लागला. पाहुण्यांसाठी डब्याच्या तळाशी राखलेलं टाळकीचं पीठ निघालं होतं. गरम भाकर, बेसन, ठेचा. मुली पोटभर जेवल्या. निघताना एकीनं टॅब उघडला, तशा मावशी घाईनं म्हणाल्या, "ही भाकर त्यात लिहू नका माय, ही तुमच्यासाठी केल्ती."