फॉल्स सीलिंग लावलं, तरी दोंडाईच्यातलं घर रात्री का तापतं?

पीओपीचं फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे लाकडासारखे दिसणारे पीव्हीसी पॅनल, खिडकीला मोठी काच. रील्समधली ही सजावट आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचासारख्या गावांतही पोहोचली आहे. पण एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा या खर्चाचा उपयोग किती?

खानदेशातलं जुनं धाब्याचं घर आठवा. लाकडी सरांवर कड्या, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. ऊन मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि रात्री माणसं धाब्यावरच झोपायची. धाबं गळायचं, पावसाळ्याआधी माती टाकावी लागायची, म्हणून लोकांनी स्लॅब घातला. त्यात चूक काहीच नाही. पण काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो.

फॉल्स सीलिंगमुळे मधे हवेचा थर येतो, थोडा फरक पडतो. स्लॅब मात्र तापतोच. वर खोलीची उंची कमी होते ती वेगळीच.

ऊन अडवायचं तर स्लॅबच्या वर. गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिला, की बरंचसं ऊन परत फिरतं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी ‘कूल रूफ’ धोरणच आणलं. सीलिंगच्या तुलनेत चुन्याचा खर्च किरकोळ, फक्त तो पाहुण्यांना दिसत नाही. आणि पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी नवा हात द्यावा लागतो.