नाकाला झालेली सवय

गेल्या डिसेंबरात आई देवरुखहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास अंथरुणात उठून बसली. ‘‘काय गो, कुणाकडे नेलपॉलिश सांडलंय काय?’’ मी दोनदा जोरात श्वास घेऊन पाहिला. मला कसलाच वास आला नाही. मिलापनगरला राहून मला बावीस वर्षं झाली. आईने उठून खिडकी लावली आणि फटीत ओलं फडकं कोंबलं. चौथ्या दिवशी ते काळपट झालं होतं.

मला भीती वाटली ती फडक्यापेक्षा माझ्या नाकाची. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. फुप्फुसांना तशी सोय नाही.

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार, जड होते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शेजारच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतून सुटलेला वायू आपल्या खिडक्यांच्या उंचीवरच रेंगाळतो. ऊन चढेपर्यंत ते झाकण उठत नाही. म्हणजे डॉक्टरांनी ज्यांना पहाटे चालायला सांगितलंय, ते नेमके नको त्या वेळी घराबाहेर पडतात.

2014 च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला. 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहून गेले. मे 2016 आणि मे 2024 मध्ये कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली. रंग दिसतो, स्फोट ऐकू येतो, त्यांची बातमी होते. रोजच्या वासाची होत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या बसमध्ये जो धूर छातीत जातो, त्याचीही नाही. या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात. दम्याबरोबर हृदयविकाराचाही धोका त्यांनी वाढतो. घनमीटरभर हवेत वर्षाच्या सरासरीने असे 5 मायक्रोग्रॅम कण, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासूनची मर्यादा. आपल्या देशात 40 चालतात.

मुलाच्या खोकल्यासाठी मी तीन डॉक्टर केले. थंड पाणी, आइस्क्रीम, गादीतली धूळ, सगळ्यांनी सगळं विचारलं. राहता कुठे, मुलाच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, हे कुणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, हे मला जास्त लागतं.

आता फ्रिजशेजारी एक वही टांगली आहे. तारीख, वेळ, वास कसला, वारा कुठून. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार जाते ती या नोंदींसकट, आणि डॉक्टरांकडे जातानाही वही सोबत असते. तुमच्याकडे गावाहून कुणी आलं, तर पहिल्याच रात्री त्यांना विचारा, कसला वास येतोय का? ते जे सांगतील ते वेळ घालून लिहून ठेवा.