भिंत बांधणारे आणि सल्ला देणारे

पार्ल्यात हुशार माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो सोसायटीच्या कमिटीवर यायला तयार असणाऱ्यांचा. वार्षिक सभेत नव्या सेक्रेटरीचा विषय निघाला की सगळ्यांची डोकी अहवालात खुपसली जातात. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाची मुलगी दहावीला असते. पण गच्चीवरच्या टाकीची गळती काढायला प्लंबर आला, की हीच मंडळी ग्रुपवर सकाळी सहापासून हजर. पाइप कुठला हवा होता, दर कसा जास्त लावला, आधी कुणाला विचारलं होतं?

आळशी म्हटलं की आपल्याला लोळणारा माणूस आठवतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांतही तो भेटतो. ताटात हात घातलाय, पण तो तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा. बाहेर पडायचं नाही, कारण काय, तर म्हणे रस्त्यात सिंह आहे! मुंबईत सिंहाची ती जागा ट्रॅफिकने घेतली आहे, एवढाच फरक.

पण हा लोळणारा तसा निरुपद्रवी. खरा त्रासदायक आळशी वेगळाच. इर्ल्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीपाशी सोसायटीचं रडगाणं गायले, तर ती म्हणाली, ‘‘अगं, बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाच. तुमच्या सभेचं इतिवृत्तच आहे ते.’’

वाचला. इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक, यरुशलेमची ढासळलेली तटबंदी पुन्हा बांधायची आहे. अध्यायभर नुसती यादी : कुणी कुठला दरवाजा बसवला, कुणी कुठला तुकडा बांधला. त्यात सोनार आहेत, अत्तरं बनवणारे आहेत. एक अधिकारी तर आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलाय. कित्येकांकडे स्वतःच्या घरासमोरचाच भाग. 52 दिवसांत काम फत्ते! आणि या यादीत एक खोचक नोंद : तकोवा गावचे लोक राबले, त्यांच्यातल्या बड्या मंडळींनी मात्र कामाला हात लावला नाही. पुढे त्याच साध्या तकोवेकरांच्या नावावर भिंतीचा आणखी एक तुकडा लागलेला दिसतो. एकाने अंग चोरलं म्हणून काम कमी होत नाही; ते शेजारच्याच्या अंगावर पडतं.

थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौलाचा रागही यावरच आहे. ज्याला काम करायचंच नाही त्याने जेवायलाही बसू नये, असं तो बजावतो. बोट आजाऱ्याकडे किंवा बेकाराकडे नाही, ‘करायचंच नाही’ म्हणणाऱ्याकडे आहे. स्वतः काही न करता दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसणाऱ्यांनाही तो झापतो. म्हणजे आमच्या ग्रुपवरचे सल्लागार दोन हजार वर्षं जुने आहेत तर! आणि हे सांगणारा पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता.

स्वतःच्या हातांनी राबायचा हा धडा आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी करून दाखवला. 1896-97च्या दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्यांच्या हाती दिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी मराठी बायबल केलं, त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्याच बायकांनी. उलटी अक्षरं, त्यात काने, वेलांट्या, जोडाक्षरं. एक खिळा चुकला की पुन्हा उपसून लावा. रमाबाई 1922 साली गेल्या, पण काम अडलं नाही. बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं.

मग विश्रांती म्हणजे आळस का? मुळीच नाही. सातव्या दिवशी काम बंद ठेवायची आज्ञा बायबलातच आहे. पण ती मालकापुरती नाही : गडी, मोलकरीण, बैल, गाढव, साऱ्यांना सुट्टी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला तेव्हा. आमच्या घरांतून मात्र अजूनही ‘‘मावशी, रविवारी नक्की या हं, पाहुणे आहेत’’ असं हक्काने सांगितलं जातं.

रविवारी लोळावं, अगदी मनसोक्त लोळावं. फक्त शनिवारी रात्रीची भांडी आपली आपण घासून.