शाहिराच्या माथ्यावरची निळी पट्टी

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा विषय निघाला, की आता बोलणे होते ते पुनर्विकासाचे. सदनिकेच्या क्षेत्रफळाचे आणि पर्यायी घराच्या भाड्याचे. या वस्तीच्या इतिहासाशी ज्यांचा मृत्यू जोडला गेला, ते शाहीर विलास घोगरे उपनगरांतल्या बहुतेकांना नावानेही ठाऊक नाहीत.

घोगरे राहत ते मुलुंडच्या झोपडपट्टीत. जन्माने दलित, विचाराने डावे. आव्हान नाट्य मंचातून त्यांनी कष्टकऱ्यांची गाणी गायली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ मधील ‘हमारा शहर’ या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात त्यांचा आवाज आहे. मैफलींच्या आणि कॅसेटच्या बाजारात अशा गळ्याला भाव नसतो. हा गळा वस्तीतच घुमला.

११ जुलै १९९७ रोजी सकाळी रमाबाई नगरातील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. रहिवासी रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी राहत्या घरी आत्महत्या केली. त्यांच्या माथ्यावर निळी पट्टी होती.

या घटनेकडे एका हळव्या कलावंताची निराशा म्हणून पाहणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाला अखेरच्या घडीला निळा रंग का जवळचा वाटला, हा प्रश्न डाव्या चळवळीने स्वतःला विचारावा असा आहे. वर्गाचा लढा जिंकला की जात आपोआप गळून पडेल, हे गृहीतक या चळवळीने दीर्घकाळ जपले. रमाबाई नगरात गोळ्या झेलणारे गरीब होते, हे खरेच. पण ते रस्त्यावर आले होते बाबासाहेबांच्या अवमानामुळे. (निळ्या झेंड्याच्या नेत्यांनीही पुढे कोणकोणत्या सत्ताधाऱ्यांशी सोयरीक केली, हा आणखी वेगळा अध्याय.)

गोळीबाराचा आदेश देणारे पोलीस अधिकारी मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने जन्मठेप ठोठावली, ती २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. अपिलात त्यांना जामीन मिळाला.

घोगरे यांच्या मृत्यूनंतर पटवर्धन यांनी पुन्हा कॅमेरा हाती घेतला. चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून २०११ मध्ये तीन तासांहून मोठा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. दलित वस्त्यांतून त्याचे खुले खेळ झाले आणि मुलुंडच्या या शाहिराचा आवाज पुन्हा वस्तीत ऐकू आला.