तापलेली मृत्तिका आणि कोलारचा धडा

काळ्या जमिनीचा स्वभाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. पाऊस पडला की ती फुगते आणि आपल्या भेगा आपणच बुजविते. वैशाखाच्या उन्हात ती आक्रसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. ज्या खनिजांमुळे हे घडते, त्याच कुळातील बेंटोनाइट नावाच्या मातीवर आज अनेक राष्ट्रे एक मोठी जबाबदारी सोपवू पाहत आहेत. अणुभट्ट्यांतील किरणोत्सर्गी अवशेष खोल खडकात पुरावयाचे व त्यांच्याभोवती या मातीचे वेष्टण द्यावयाचे, अशी ती योजना आहे. फ्रान्स व स्वित्झर्लंड या देशांनी तर मृत्तिकेच्या खडकाचीच निवड केली आहे.

हा विश्वास निराधार नाही. अशा मृत्तिकेतून पाणी अत्यंत मंद गतीने झिरपते, अनेक किरणोत्सर्गी द्रव्ये तिच्या कणांना चिकटून राहतात आणि तिला तडा गेलाच तर ती फुगून तो भरून काढते. परंतु पुरावयाचे अवशेष थंड नसतात. त्यांतील सीझियम व स्ट्राँशियम यांची किरणोत्सर्गी रूपे सुमारे ३० वर्षांनी निम्मी होतात; म्हणजे त्यांची उष्णता जवळजवळ नाहीशी होण्यास सुमारे ३०० वर्षे लागतात.

या उष्णतेने काय होते? मृत्तिकेच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी कोंडलेले असते. तापल्यावर ते खनिजकणांच्या कितीतरी पट प्रसरण पावते. पण बाहेर पडावयास त्याला वाट नसते. त्यामुळे छिद्रांतील दाब चढतो, कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि खडकास तडे जाण्याचा संभव निर्माण होतो. पाण्यास अडविण्याचा जो गुण, तोच येथे दोष ठरतो. शिवाय तापलेल्या पात्रालगतचे वेष्टण वाळून आक्रसते. कुंभाराच्या आव्यातून निघालेले मडके पुन्हा माती होत नाही. अवशेषांची उष्णता आव्याइतकी प्रखर नसते. तथापि दीर्घकाळ शंभर अंशांपलीकडे राहिलेल्या मृत्तिकेची फुगण्याची शक्ती हळूहळू कमी होऊ शकते. म्हणूनच फ्रान्सने खडकाच्या तापमानास ९० अंशांची मर्यादा घातली आहे.

या गोष्टी केवळ गणिताने ठरत नाहीत. बेल्जियममधील मोल येथे १९८० साली मृत्तिकेच्या थरात प्रयोगशाळा खोदण्यास आरंभ झाला. तेथील एक बोगदा दीर्घकाळ तापवून पाहण्याचा मोठा प्रयोग २०१४ साली सुरू झाला. मधली चौतीस वर्षे आळसात गेली नाहीत. खडकाचे अंतरंग जाणून घेण्यास तेवढा काळ लागतोच.

भारतानेही या मार्गावर एक पाऊल टाकले होते. बेंगळूरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. तेथील एका वापरातून गेलेल्या भागात, सुमारे १००० मीटर खोलीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने खडकास विजेच्या साहाय्याने उष्णता देऊन त्याचे वर्तन आठ वर्षांहून अधिक काळ अभ्यासिले. तो खडक मृत्तिका नव्हे, कठीण अँफिबोलाइट होता. पण प्रश्न तोच होता. पुढे २००१ साली खाणी बंद पडल्या. २०१२ च्या नोव्हेंबरात कुडनकुलमचे अवशेष कोलारला येणार अशी वार्ता पसरताच लोक रस्त्यावर उतरले. तसा कोणताही बेत नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला.

या प्रसंगावरून लोकांना अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. प्रयोगाचे स्थळ आणि पुरण्याचे स्थळ यांतील भेद त्यांना कोणी वेळीच समजावून सांगितला नव्हता. जेथे माहिती पोहोचत नाही, तेथे भीती पोहोचते.

घाई कशाला, असे काही जण विचारतील. अवशेष काचेत गोठवून तारापूरसारख्या ठिकाणी हवेच्या प्रवाहाने थंड राखले जातात, आणि प्रत्येक सरत्या दशकाबरोबर त्यांची उष्णता घटते, हे खरे आहे. पुरण्याची घाई नसावीच. पण शिकण्याची घाई अवश्य असावी. अवशेषांना थंड होण्यास जी दशके लागतात, तीच दशके खडकाची परीक्षा घेण्यासाठी हाती असतात. ती वाया घालविली तर पुढील पिढीला अपुऱ्या ज्ञानावर निर्णय घ्यावा लागेल.

म्हणून देशात एक कायम स्वरूपाची भूमिगत प्रयोगशाळा असावी. तेथे खडक व मृत्तिका तापवून पाहाव्यात, मोजमापे प्रसिद्ध करावीत आणि तेथे अवशेषाचा कणही येणार नाही, असे लेखी वचन गावकऱ्यांस प्रथम द्यावे. शाळेतील मुलांनी खाली उतरून तापमापक स्वतः वाचावा. मातीवर तीनशे वर्षांचा विश्वास टाकावयाचा, तर माणसांचा विश्वास आधी मिळविला पाहिजे.