किल्ली कुणाच्या खिशात?

प्रत्येक सोसायटीत एक तरी काकू अशा असतातच, ज्यांच्याकडे निम्म्या बिल्डिंगच्या किल्ल्या असतात. (मुंबईकरांनो, तुमच्या भाषेत चाव्या. भांडण नको.) दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्या जोडप्याची किल्ली, चौथ्या मजल्यावरच्या बॅचलर पोरांची, लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या आजी-आजोबांची... काकूंच्या दाराआड खिळ्यांची एक पट्टी असते, तिच्यावर हे सगळं लटकत असतं. सिलिंडर येतो, कामवाल्या मावशी येतात, कुणी किल्ली आत ठेवून दार ओढून घेतं. प्रत्येक वेळी काकू झिंदाबाद! आता मला सांगा, तुमच्या दाराला कितीही भारी लॅच असू दे, घर सुरक्षित आहे की नाही हे कशावर ठरणार? लॅचवर, की त्या खिळ्यावर?

क्लाउडमधल्या डेटाचंही सेम टु सेम असंच आहे, दोस्तांनो.

फोनच्या सेटिंग्जमध्ये, ऑफिसच्या पॉलिसीत, अ‍ॅपच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास सापडतं : ‘तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे.’ ते वाचलं की आपण निर्धास्त. आणि वाक्य खोटं नसतंच. फोटो, चॅट, पगाराची स्लिप, जे काही असेल त्याचा आधी गणिती चिवडा करायचा आणि मग तो कंपनीच्या डिस्कवर ठेवायचा. त्या चिवड्यातून मूळ चीज परत मिळवून देणारा आकडा म्हणजे किल्ली. हल्ली बहुतेक ठिकाणी यासाठी एईएस नावाचं कुलूप लावतात. २००१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं ते प्रमाण म्हणून जाहीर केलं, त्याची रचना तेव्हापासून जगजाहीर आहे आणि तरीही त्याची २५६ बिटांची किल्ली एकेक आकडा लावून शोधायची म्हटली, तर जगातले सगळे कॉम्प्युटर मिळूनही ते कुणाच्या हयातीत व्हायचं नाही. ऑगस्त केर्कहॉफ्स नावाच्या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की कुलूप कसं बनवलंय हे शत्रूला कळलं तरी बिघडता कामा नये. गुपित काय ते किल्लीत असावं.

थोडक्यात काय, कुलूप कुठलं हा प्रश्न कधीच निकालात निघालाय. किल्ली कुणाकडे, किती जणांकडे आणि हरवली तर काय, एवढंच उरतं. आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही!

आयक्लाउड घ्या. नेहमीच्या सेटिंगमध्ये तुमचे फोटो, बॅकअप, नोट्स यांच्या किल्ल्या अ‍ॅपलकडेही असतात. म्हणजे काकूच की! पासवर्ड विसरलात तरी अ‍ॅपल तुम्हाला घरात घेऊ शकतं. (साठवलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा मात्र मुळातच फक्त तुमच्या किल्लीनं उघडतो.) डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आणलं, आधी अमेरिकेत आणि मग २०२३ च्या सुरुवातीला बाकीच्या जगात. ते चालू केलं की फोटो आणि बॅकअपच्या किल्ल्या फक्त तुमच्या डिव्हाइसेसवर राहतात, अ‍ॅपलकडच्या प्रती पुसल्या जातात. पण त्याआधी अ‍ॅपल तुम्हाला थांबवून बजावतं, की बाबांनो, यापुढे आम्ही मदत करू शकणार नाही. एक तर विश्वासातला माणूस नेमा, नाही तर २८ अक्षरांची रिकव्हरी की लिहून ठेवा. मेल, कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर एवढं करूनही या कवचाबाहेरच असतात, हे लक्षात असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट तर आणखी मजेशीर. २०१६ पासून तिथले मेसेज एंड-टु-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाहीत. सही! पण रोज रात्री त्याच मेसेजांची झेरॉक्स गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जायची, तिला हे कवच नव्हतं. पाकीट सीलबंद आणि आतल्या पत्राची प्रत उघड्या फायलीत. ऑक्टोबर २०२१ पासून बॅकअपलाही तसंच कुलूप लावायची सोय आली. एक तर पासवर्ड, नाही तर ६४ आकडी-अक्षरी किल्ली. २०२५ मध्ये पासकीही आली, म्हणजे बोट किंवा चेहरा दाखवून काम भागतं. सोय आहे, पण ती आपली आपण चालू करावी लागते. आत्ता सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. मी थांबते.

बघितलंत? आता लगेच चालू करायची घाई नको. आधी माझ्या एका मैत्रिणीचं ऐका.

ती सॉलिड टेक्नोसॅव्ही. एका चॅट अ‍ॅपच्या बॅकअपला तिनं सगळ्यात कडक कुलूप लावलं होतं, किल्ली फक्त स्वतःकडे. गेल्या वर्षी तिचा फोन लोकलच्या गर्दीत गेला. नवा फोन घेतला, नंबर सुरू झाला, बॅकअप दिसायलाही लागला. अ‍ॅपनं किल्ली मागितली.

“कुठे ठेवली होतीस?” मी विचारलं.

“स्क्रीनशॉट काढला होता ना.”

“अगं मग?”

“फोनमध्येच होता.”

बॅकअप अजूनही क्लाउडवर आहे. त्याची तारीख दिसते, साइझ दिसतो. त्यात तिचे बाबा गेले त्या वर्षातले त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत. ‘पोचलीस का?’, ‘जेवलीस का?’ असले, सात-आठ सेकंदांचे. ती महिनाभर कस्टमर केअरला मेल लिहीत होती. त्यांचं उत्तर दर वेळी एकच आणि तेही अगदी खरं : आमच्याकडे किल्ली नाही.

बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर बँक माणूस बोलावते, तुमच्यासमोर लॉकर फोडते आणि खर्च तुमच्याकडून घेते. आरडाओरडा होतो, आई चार दिवस बोलत नाही, पण पाटल्या सापडतात! एन्क्रिप्शन फोडायला असा माणूस मिळत नाही. जे कुलूप चोराला उघडत नाही, ते तुम्हालाही दयामाया दाखवत नाही.

म्हणून ‘सगळीकडे सगळ्यात कडक सेटिंग’ हा फंडा मला बिलकूल पटत नाही. प्रत्येक गोष्टीला मी एकच विचारते : हे दुसऱ्याच्या हाती पडलं तर जास्त वाईट, की माझ्या हातून गेलं तर? पुतणीच्या बारशाचे चारशे फोटो कुणी चोरून पाहिले तर पाहो बापडा, पण ते गेले तर मला रडू येईल. ते खुशाल काकूंकडे ठेवावेत. उलट मेडिकल रिपोर्ट, खासगी चॅट, पॅन-आधारच्या स्कॅन कॉप्या. या पुन्हा मिळवता येतात किंवा गेल्या तरी चालतात, पण भलत्याच्या हाती नकोत. त्यांची किल्ली आपल्याच कमरेला. आणि बाबांच्या आवाजासारखं जे दोन्हीकडून जपायचं असतं, त्याच्या किल्लीची जागा आधी ठरवावी, सेटिंग मग चालू करावं.

किल्ली कंपनीकडे असण्याचा दुसराही एक अर्थ असतो. ती कंपनीकडे असेल तर कंपनीकडून मागता येते. ब्रिटन सरकारनं अ‍ॅपलला अशा कडक कुलपातल्या डेटापर्यंत पोचण्याची सोय करून देण्याचा गुप्त आदेश दिल्याच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलनं ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन बंदच करून टाकलं. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. सरकार डेटा उलगडून द्यायला सांगू शकतं, नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद. २००९ च्या नियमांत तर ‘किल्लीधारक’ कोण याची रीतसर व्याख्याच आहे! मात्र त्याच नियमांनुसार मधल्या कंपनीनं मदत करायची ती स्वतः एन्क्रिप्ट केलेल्या किंवा जिची किल्ली तिच्या ताब्यात आहे अशा डेटापुरतीच. म्हणजे कायदासुद्धा शेवटी तेच विचारतो. किल्ली कुणाच्या खिशात?

आता ऑफिसकडे येऊ. मीटिंगमध्ये ‘डेटा मुंबई रीजनमध्येच आहे’ असं कुणीतरी ऐटीत म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि समोशांकडे वळतात. किल्ल्यांचं खातं बहुधा ‘ते डेव्हऑप्सवाले बघतात’ या सदरात. पण ते समजायला फार अवघड नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर केएमएस नावाची सेवा २०१४ पासून आहे, गुगल आणि मायक्रोसॉफ्टकडेही तशाच आहेत. तिथं डेटाला एक छोटी किल्ली लावतात. मग ती छोटी किल्ली दुसऱ्या, मोठ्या किल्लीनं बंद करून डेटाच्या शेजारीच ठेवतात. मोठी किल्ली मात्र एका खास पेटीच्या बाहेर उघडी कधी येतच नाही. तुम्ही छोटी किल्ली आत सरकवायची, पेटी ती उघडून परत देते. आजीचं कपाट आठवा. दागिन्यांच्या डब्याची किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली आजीच्या कनवटीला.

मोठी किल्ली दर वर्षी आपोआप बदलायची सोय असते. इथं बऱ्याच जणांचा एक गोड गैरसमज असतो, की किल्ली बदलली म्हणजे जुना डेटाही नव्या कुलपात गेला. तसं होत नाही. जुना डेटा जुन्या किल्लीनंच उघडतो, ती आतल्या आत जपून ठेवलेली असते. आणि किल्ली डिलीट करायला गेलात तर अ‍ॅमेझॉन ती ताबडतोब मारत नाही. कमीत कमी ७ दिवस थांबायला लावतं, तुम्ही काही बोलला नाहीत तर ३०. कारण किल्ली गेली की तिच्याखालचा सगळा डेटा जागच्या जागी मेला. (याचा चांगला उपयोगही होतो. डेटा कायमचा नष्ट करायचा असेल तर हजार डिस्कांमागे धावण्यापेक्षा किल्ली वितळवणं सोपं.)

आणि तरीही भगदाड पडतं ते भलतीकडेच. २०१६ मध्ये हॅकर उबरच्या प्रोग्रॅमरांच्या खासगी गिटहबमध्ये शिरले, तिथं कोडमध्ये त्यांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर शिरायची किल्ली सापडली आणि जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवासी-ड्रायव्हरांची माहिती गेली. उबरनं एक लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवायचा प्रयत्न केला, नोव्हेंबर २०१७ मध्ये ते बाहेर आलंच. ही डेटा उलगडायची किल्ली नव्हती, आत शिरायचा पास होता. पण जो खरा पास दाखवतो, त्याला क्लाउड मोठ्या अदबीनं डेटा उलगडून देतो. डिस्कवरचं एन्क्रिप्शन हे डिस्क चोरणाऱ्यासाठी असतं, पास चोरणाऱ्यासाठी नव्हे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, त्यात एन्क्रिप्शनचं नाव घेऊन सांगितलंय. त्यामुळे समोशांआधी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : आपल्या किल्ल्या कुणाकुणाला उघडता येतात आणि त्यातले किती जण नोटीस पीरियडवर आहेत? सगळं एकाच माणसाच्या लॅपटॉपवर असेल तर त्याच्या निरोप समारंभाचा केक जरा महाग पडू शकतो. अदी शमीर या गणितज्ञानं १९७९ मध्येच यावर तोड काढली होती. गुपिताचे पाच तुकडे पाच जणांना द्यायचे, कुठलेही तीन एकत्र आले तरच उघडणार, दोघांनी मिळून काहीही करता येणार नाही. ऑफिसात हे आजही चालतं. घरात पाच माणसांना एकत्र आणायचं म्हणजे लग्नच काढावं लागेल.

घरासाठी साधं काहीतरी हवं. गुगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तुम्ही ठरवाल तितके महिने खातं शांत राहिलं, की तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं. अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. त्या माणसाकडे एक किल्ली आणि तुमचा मृत्यूचा दाखला लागतो. विमा पॉलिसीला नॉमिनी लावतो तसंच, फक्त एजंट मागे लागत नाही एवढंच.

मी आणि माझ्या बहिणीनं कागद-पेन वापरलं. माझी २८ अक्षरं तिच्या कपाटात, तिची माझ्या. फोटो काढायचा नाही, मेल करायची नाही. दिवाळीच्या आवराआवरीत पाकीट जागेवर आहे ना, एवढं बघायचं. चिकटवलेल्या जागेवर दोघींच्या सह्या आहेत. शिवाय तिनं तिच्या पाकिटावर लाल पेननं ठळक लिहिलंय : ‘मी जिवंत असताना उघडू नये. मेल्यावरही चॅट वाचू नयेत.’