पांच संचालक, पांच धंदे

अलीकडे तालुक्यातालुक्यांतून शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघूं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. २००२ सालच्या दुरुस्तीनें अशा कंपन्यांस कायद्यांत स्थान मिळालें, आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें दहा हजार संस्थांची योजना काढल्यापासून या कामास भरतीच आली. आम्ही ज्या कंपनीचे भागधारक आहों तिचा जमाखर्च नुकताच वाचून पाहिला. जन्मभर महसुलांत कारकुनी केल्यामुळें दुसऱ्याच्या वह्या चाळण्याची खोड सुटत नाहीं, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

ही कंपनी तूर एकत्र विकण्यासाठीं निघाली. पहिल्या हंगामांत चाळणी करून, प्रत लावून माल एकगठ्ठा विकला व सभासदांस गांवच्या व्यापाऱ्यापेक्षां चार पैसे अधिक मिळाले. तोच व्यवहार आणखी दोन-तीन हंगाम पक्का करावयाचा, तर पांच संचालकांच्या मनांत पांच धंदे उभे राहिले. एकास शेळीपालन, दुसऱ्यास गांडूळखत, तिसऱ्यास फवारणीचें ड्रोन, चौथ्यास मोबाइलवर भाजी विकण्याचें ॲप, आणि पांचव्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं कचेरी हवी होती. कोणींही कोणास विरोध केला नाहीं, कारण प्रत्येकास स्वतःच्या धंद्यासाठीं इतरांची संमति पाहिजे होती. यांत अफरातफर मुळींच नाहीं. प्रत्येक पावती जागच्या जागीं आहे, आणि तेंच आम्हांस अधिक खेदाचें वाटतें. गेल्या जानेवारींत तूर घरांत आली तेव्हां ती खरेदी करण्यास कंपनीजवळ खेळतें भांडवल उरलें नव्हतें. ज्यांस सोसायटीचें पीककर्ज मार्चअखेर भरावयाचें होतें, ते किती दिवस थांबणार? त्यांनीं माल त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर घातला. आमचे सहा क्विंटलही त्यांतच गेले.

सरकारी साह्यानें हा मोह वाढला, असें आमचें मत आहे. या योजनेंत व्यवस्थापनाच्या खर्चासाठीं तीन वर्षें मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साह्य ठरविलें; शिवाय सभासदांनीं घातलेल्या भागभांडवलाइतकें अनुदान, दर सभासदीं २,००० व दर संस्थेस १५ लाख रुपयांच्या मर्यादेंत. पैकीं पगार, भाडें, प्रवास यांकरितां आलेली रक्कम तूर खरेदीस उपयोगीं पडत नाहीं. मुदत सरल्यावर साह्य बंद होतें. कचेरीचें भाडें बंद होत नाहीं.

मग धंदा वाढवावयाचाच नाहीं कीं काय, असें आम्हांस विचारण्यांत आलें. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ सालीं स्थापन झाला व १९४८ पासून मुंबईस दूध पुरवूं लागला. लोणी व भुकटी करण्याचा कारखाना त्यानें १९५५ सालीं चालू केला, तोही हिवाळ्यांतील जादा दूध मुंबईंत खपेना म्हणून. तेथें हातांतल्या मालानेंच दुसरा धंदा मागितला. आमच्या तुरीनें ड्रोन मागितलें नव्हतें. मागितलीच असती तर डाळीची गिरणी, आणि तीही गोदामांत माल पुरेसा सांठल्यावर.

येत्या वार्षिक सभेंत आम्ही एकच ठराव मांडणार आहों : तूर खरेदीचें खातें निराळें असावें, व हंगाम संपेपर्यंत त्यांतील रक्कम अन्य कामास काढतां येऊं नये. अनुमोदन देण्यास आजवर तिघे तयार झाले आहेत. शेळ्यांचे संचालक त्यांत नाहींत.